एकाच कुळातली दोन झाडं : पांढरा ॲश, हिरवा ॲश आणि माझी एक चूक

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

कुणी लोकलमध्ये ऐकत असेल, कुणी भांडी घासताना, कुणी रात्री झोप येत नाही म्हणून. आज जरा वेगळा विषय आहे. आज दोन झाडांबद्दल बोलायचंय. आणि त्यातलं एक झाड मी तोडलं, त्याबद्दलही.

आधी नावाचा घोळ मिटवू. झाडाचं नाव ॲश. राख नव्हे. इंग्रजीत राखेला आणि या झाडाला आज एकच शब्द असला, तरी मुळात ते दोन वेगळे जुने शब्द आहेत आणि काळाच्या ओघात त्यांचा उच्चार एक झाला. क्रिकेटच्या ॲशेस मालिकेतली ती राख. तिचा या झाडाशी संबंध नाही.

ॲशच्या जगभरात ५०च्या आसपास जाती आहेत. शास्त्रीय नाव फ्रॅक्सिनस. आपल्याकडे महाराष्ट्रात हे झाड रानात दिसत नाही, पण हिमालयात आहे. गढवाल-कुमाऊँकडे त्याला अंगू म्हणतात. आणि आता गंमत ऐका. ज्या कुळात ॲश येतो, त्याच कुळात आपला मोगरा येतो, जाई-जुई येते, आणि पारिजातकसुद्धा. ऑलिव्हचं कूळ म्हणतात त्याला. म्हणजे अमेरिकेतलं हे साठ-सत्तर फुटी झाड आणि आपल्या अंगणात पहाटे फुलांचा सडा घालणारा पारिजातक हे लांबचे नातेवाईक. खूण कुठली? पानं समोरासमोर येतात. एका पेरावर डावीकडे एक, तर त्याच्या बरोबर समोर उजवीकडे दुसरं. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मी कोण, कुठे, ते सांगते. मी मूळची सांगली जिल्ह्यातली, तासगावकडची. घरी द्राक्षबाग. लग्नानंतर अमेरिकेत आले, आणि आता मिशिगन राज्यात डेट्रॉईटच्या उपनगरात राहते. गाड्यांच्या कारखान्यांमुळे या भागात मराठी माणसं बरीच आहेत. २०२०च्या शेवटी आम्ही इथे एक जुनं घर घेतलं. पुढे एक मोठं झाड, मागे एक मोठं झाड. आम्ही घर पाहिलं तेव्हा नोव्हेंबर होता, झाडांवर एकही पान नव्हतं. मी कागदपत्रं वाचली, भट्टी बघितली, छप्पर बघितलं. झाडं बघितली नाहीत. शेतकऱ्याची पोर असून.

फेब्रुवारीत बर्फ साचून मागच्या झाडाची एक वाळकी फांदी छपरावर पडली. कौल फुटावं तसा छपराचा एक तुकडा गेला. मी झाडं तोडणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याने खालूनच वर बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही ॲश आहेत. दोन्ही मरणारच. किडा लागतो. आज काढा नाहीतर पाच वर्षांनी काढा. दोन्ही एकदम काढली तर स्वस्तात पडेल."

तो फसवत होता असं मला आजही वाटत नाही. त्याने या भागात शेकडो ॲश तोडली असणार. त्याच्या अनुभवात ॲश म्हणजे मरणारं झाड. आमच्याकडे दोन्हीचे पैसे नव्हते. मग छपराजवळचं, मागचं झाड काढायचं ठरलं. पुढचं राहू दे, रस्त्यावरून छान दिसतं. एका सकाळी करवत आली आणि दुपारी जेवायच्या आत झाड आडवं झालं. खुंट दळून काढायचे वेगळे पैसे सांगितले, ते मी वाचवले. लाकडं मागे रचून ठेवली.

तर हा किडा कुठला, ते सांगते, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही.

एमराल्ड ॲश बोरर. पाचूसारखा हिरवा, चमकदार, साधारण एक-सव्वा सेंटिमीटरचा भुंगेरा. दिसायला सुंदर आहे, खरंच. मूळचा ईशान्य चीन, कोरिया, रशियाचा अतिपूर्व भाग इकडचा. मादी सालीच्या फटीत अंडी घालते. अळी सालीच्या आत शिरते आणि साल व लाकूड यांच्यामधल्या थरात नागमोडी बोगदे खोदत खात जाते. झाडाचं अन्न याच थरातून खाली जातं, आणि लाकडाच्या अगदी बाहेरच्या वलयांतून पाणी वर चढतं. ते दोन्ही रस्ते तुटतात. अळ्या पाच-पन्नास असतील तर झाड सोसतं, पण हजारोंनी झाल्या की फास आवळल्यासारखं होतं. वरून शेंडा वाळायला लागतो आणि काही वर्षांत झाड संपतं.

२००२च्या उन्हाळ्यात हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला, आणि कुठे? याच डेट्रॉईट परिसरात. त्याआधी झाडं मरत होती, पण कारण कळत नव्हतं. पुढे मेलेल्या झाडांची वलयं तपासून शास्त्रज्ञांनी काढलं की किडा १९९०च्या दशकातच इथे पोचला होता. बहुधा आशियातून आलेल्या मालाच्या लाकडी खोक्यांमधून. आज तो ३५हून अधिक राज्यांत आहे आणि मेलेल्या झाडांचा हिशेब कोटींमध्ये होतो. २०१७मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत उत्तर अमेरिकेतल्या ॲशच्या ५ जाती "अतिसंकटग्रस्त" म्हणून नोंदल्या गेल्या. त्यात आपली आजची दोन्ही झाडं आहेत. पांढरा ॲश आणि हिरवा ॲश.

आता माझ्या गोष्टीकडे परत.

एप्रिलमध्ये शेजारचे आजोबा परत आले. इथले बरेच निवृत्त लोक हिवाळा फ्लोरिडात काढतात, तसे तेही. त्यांना लेथवर लाकूड कातून वाट्या, कटोरे करायचा छंद आहे. आमची रचलेली लाकडं बघून आले आणि म्हणाले, "दोन ओंडके मिळतील का?" मी म्हटलं, न्या की. ते ओंडका उचलायला वाकले, तिथेच पडलेली एक बारीक काडी त्यांनी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून बघितली, आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

मग म्हणाले, "हा पांढरा ॲश होता. तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "ॲश होता एवढं माहीत होतं. पांढरा काय आणि हिरवा काय?"

त्यांनी ती काडी माझ्या हातात दिली. इथून खरा धडा सुरू झाला, तर तो तुम्हालाही देते. डोळ्यांसमोर एक पेन्सिलएवढी काडी आणा.

हिवाळ्यात पान गळतं तेव्हा काडीवर जिथे ते चिकटलेलं होतं तिथे एक व्रण राहतो, आणि त्या व्रणाच्या वर पुढच्या वर्षीचा डोळा बसलेला असतो. पांढऱ्या ॲशमध्ये हा व्रण वरच्या बाजूने खोलगट असतो, इंग्रजी यू अक्षरासारखा, आणि डोळा त्या खोबणीत बसतो. लहान मूल मांडीत बसावं तसा. हिरव्या ॲशमध्ये व्रणाची वरची कड जवळजवळ सरळ असते, म्हणजे आडवं पाडलेलं डी अक्षर, आणि डोळा त्या सरळ कडेच्या वर टेकलेला असतो. बस्स. पान नसलेल्या झाडावर सगळ्यात भरवशाची खूण हीच.

पानं असतील तर काम सोपं. दोन्हींची पानं संयुक्त असतात, म्हणजे एका देठावर बहुतेक वेळा सात पर्णिका, लांबून कडुनिंबाची आठवण येते. पांढऱ्या ॲशची पर्णिका उलटी करून बघा, खालून फिकट, पांढुरकी दिसते. नाव त्यावरूनच. हिरव्याची दोन्हीकडून हिरवी. पांढऱ्याच्या पर्णिकेला स्वतःचा छोटा स्पष्ट देठ असतो. हिरव्याचा देठ आखूड, आणि त्याच्या कडेने पानाचा पात्यासारखा भाग खाली उतरलेला.

बियांतही फरक आहे. ॲशचं बी पंखाचं असतं, वल्ह्यासारखं, वाऱ्यावर गिरक्या घेत जातं. पांढऱ्याचा पंख बीच्या टोकापाशीच सुरू होतो, बी उघडी गोल काडी दिसते. हिरव्याचा पंख बीच्या दोन्ही बाजूंनी अर्ध्यापर्यंत किंवा त्याहून खाली येतो. पण बी प्रत्येक झाडावर मिळणार नाही, कारण ॲशमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. आपल्या पपईसारखं. आणि शरद ऋतूत हिरवा ॲश पिवळा होतो, पांढरा मात्र पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत जातो. एकाच झाडावर आतून पिवळा आणि बाहेरून जांभळा असाही दिसतो.

लाकडावरून मात्र ही दोन ओळखता येत नाहीत. वखारीत दोन्ही पांढरा ॲश म्हणूनच विकली जातात. म्हणून आजोबांनी ओंडका नाही, काडी उचलली.

स्वभाव मात्र वेगळे. पांढरा ॲश हा उंचवट्यावरच्या जंगलाचा. ओल हवी, पण पाण्याचा निचरा चांगला हवा. अमेरिकेच्या पूर्व अर्ध्या भागात तो पसरलेला. बेसबॉलच्या बॅटी पिढ्यान्‌पिढ्या याच लाकडाच्या झाल्या, कारण ते मजबूत, लवचीक, आणि वजनाला फार जड नाही. कुदळ-फावड्यांचे दांडे, होड्यांची वल्ही यांनाही तेच. पुढे २००१मध्ये बॅरी बाँड्सने मॅपलच्या बॅटने एका हंगामात ७३ होम रन मारले आणि खेळाडू मॅपलकडे वळायला लागले. त्यात किडा आला. आज मोठ्या लीगमध्ये ॲशची बॅट क्वचित दिसते.

हिरवा ॲश हा ओढ्या-नद्यांच्या काठचा. पूर आला, आठवडाभर मुळं पाण्यात राहिली तरी चालतं. आणि पाणी नसलं तरी चालतं, म्हणून तो पश्चिमेकडे कोरड्या गवताळ मैदानांपर्यंत गेलाय. माती घट्ट असो, रस्त्यावर टाकलेलं मीठ मुळाशी येवो, तो तग धरतो. असं झाड महापालिकांना किती आवडणार, सांगा! त्याच्यामागेही एक कहाणी आहे. पूर्वी इथल्या रस्त्यांवर एल्म नावाची झाडं होती, दोन्ही बाजूंनी कमानी करणारी. १९३०मध्ये ओहायोत डच एल्म रोग सापडला आणि पुढच्या काही दशकांत रस्तेच्या रस्ते बोडके झाले. त्या मोकळ्या जागी काय लावलं? बऱ्याच ठिकाणी ॲश, आणि त्यात हिरवा ॲश फार. ते पण बियांचा कचरा नको म्हणून नर झाडं, निवडक झाडांवरून कलमं करून. म्हणजे एका झाडाच्या नकला ओळीने. एकाच जातीची रांग मेली, म्हणून दुसऱ्या जातीची रांग लावली. पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच.

आपल्याकडेही हे पाहिलंय. मुंबईतले मोठमोठे वर्षावृक्ष, रेन ट्री, मिलीबग लागून वाळले, ते आठवत असेल काहींना. रस्ताभर एकच झाड असलं की किडीला पुढचं घर शोधायचे कष्ट पडत नाहीत.

तर आजोबा. मी त्यांना म्हटलं, "पांढरा असो की हिरवा, मरणारच होता ना?"

ते म्हणाले, "चला, पुढे चला."

पुढच्या झाडाची एक खालची फांदी वाकवून त्यांनी डोळा दाखवला. व्रणाची कड सरळ. हिरवा ॲश. मग बुंध्याशी बसून त्यांनी बोट दाखवलं. जमिनीलगत साल सोडून गोल गोल प्लॅस्टिकची बुचं बसवलेली होती, बुंध्याच्या भोवती. मी ती आधी पाहिली होती. मला वाटलं होतं, कुणाच्या मुलांनी काहीतरी ठोकलंय.

"हे इंजेक्शनचं," ते म्हणाले. "आधीचा मालक दर दोन वर्षांनी या झाडाला औषध टोचून घ्यायचा. म्हणून हे उभं आहे. मागच्याला कधीच दिलं नाही. रस्त्यावरून दिसतं त्या झाडावर पैसे घालायचे, म्हणायचा."

थोडं थांबून म्हणाले, "मागचं आपलं आपण जगत होतं. या गल्लीत किडा येऊन गेला त्याला पंधरा वर्षं होऊन गेली."

मंडळी, मला कळायला एक क्षण लागला. मग पोटात खड्डा पडला. मी औषधावर जगणारं झाड ठेवलं होतं आणि औषधाशिवाय जगलेलं तोडलं होतं.

आम्ही मागे आलो. त्यांनी एका ओंडक्याची साल पहारीने उचकटली. आत बोगदे होते. अळ्यांनी खोदलेले, नागमोडी. पण थोडे, आणि जुने. बहुतेकांच्या कडांनी नवीन लाकूड चढलं होतं, जखम भरून येते तसं. म्हणजे किडा या झाडात शिरला होता, आणि झाडाने त्याला पुरून वर वाढ केली होती. वाळलेली फांदी होती, ती याच झुंजीतली असेल. मी त्या फांदीवरून अख्ख्या झाडाचा निकाल लावला होता.

खुंटावरची वलयं मोजली. ॲशची वलयं स्पष्ट असतात, मोजायला सोपी. साठच्या वर भरली. हे घर बांधलं त्या सुमाराचं झाड.

त्या रात्री आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. आप्पा म्हणजे माझे वडील. तिकडे सकाळ होती, ते बागेत होते, खरड छाटणीची गडबड. मी सगळं सांगितलं, काडी कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावला.

"डोळा खोबणीत बसलाय बघ," ते म्हणाले. मी काही सांगायच्या आधीच!

मग म्हणाले, "काय गं पोरी, काडी बघितल्याबिगर झाड तोडलंस व्हय?"

रागावून नाही. नुसतं विचारलं. पण मला जे लागायचं ते लागलं. कारण आमच्या घरात लहानपणापासून हेच चालतं. छाटणीच्या आधी काडी बघायची, डोळा बघायचा, कुठल्या डोळ्यात घड आहे त्याचा अंदाज घ्यायचा, मग कात्री चालवायची. हे मला येतं. फक्त तिथे ते करावं असं सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात ते "बाग" नव्हतं, "प्रॉपर्टी" होतं.

मग मी वाचायला लागले. जे कळलं ते सांगते, पण सावधपणे सांगते.

एक. पांढरा ॲश किड्याला दाद देत नाही असं अजिबात नाही. तोही फार मोठ्या संख्येने मेलाय. पण एकाच वस्तीत दोन्ही असले तर मादी भुंगेरा हिरव्यावर आधी आणि जास्त जाते, हे अभ्यासात दिसलंय. आणि मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी याच आग्नेय मिशिगनमध्ये, जिथून किडा पसरला तिथे, जंगलं तपासली तेव्हा त्यांना मोठ्या संख्येने पांढरे ॲश जिवंत सापडले. मोठ्या हिरव्या ॲशबद्दल तसं म्हणता येत नाही. म्हणजे "ॲश आहे, मरणार" हे वाक्य हिरव्याला जितकं लागू आहे तितकं पांढऱ्याला नाही.

दोन. किड्याच्या मूळ देशात, चीन-रशियाकडे, मांचुरियन ॲश नावाची जात आहे. ती आणि हा किडा कैक पिढ्या एकमेकांसोबत राहिलेत. तिथलं निरोगी झाड किड्याला सहसा पुरून उरतं. अमेरिकन ॲशला ही ओळखच नव्हती. भाऊबंद तेच, कूळ तेच, पण किड्याशी आधी गाठ पडलेली नाही.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भोवतालचे जवळजवळ सगळे ॲश मेल्यावरही जे एखाददुसरं झाड धडधाकट उभं राहतं, त्याला इथे "लिंगरिंग ॲश" म्हणतात. मागे रेंगाळलेला. ओहायोतलं वन खात्याचं संशोधन केंद्र अशा झाडांच्या काड्या आणतं, खुंटावर कलम करतं, त्यावर किड्याची अंडी ठेवून बघतं की अळ्या किती जगतात. जी झाडं टिकतात त्यांचा एकमेकांशी संकर करून पुढची पिढी तयार करायची. हिरव्या ॲशमध्येसुद्धा अशी थोडी झाडं सापडली आहेत. लोकांना आवाहन असतं, असं झाड दिसलं तर कळवा.

आमचं मागचं झाड तसं होतं का? मला माहीत नाही. कदाचित नशिबाने वाचलं असेल. एका झाडावरून काही सिद्ध होत नाही. पण निदान विचारता आलं असतं. ते मी घालवलं.

हे आप्पांना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, "मग आपण काय करतो? डॉगरीजचा खुंट लावतो आणि वर आपली काडी बांधतो." खरंय. आमच्याकडची द्राक्षं ज्या खुंटावर उभी आहेत तो अमेरिकेतल्या जंगली द्राक्षाचा. खारं पाणी, पाण्याचा ताण, आपल्या वेलीला जे सोसत नाही ते हा खुंट सोसतो. युरोपातल्या द्राक्षबागा एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा किडीने बसल्या, तेव्हा त्याही अमेरिकन खुंटांवरच पुन्हा उभ्या राहिल्या. दिसायला सारखी, पण आतून वेगळी. हे आमच्या घरात जेवणाच्या ताटावर बोललं जायचं.

आता पुढचं झाड. मी या वेळी झाडांचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस बोलावला. त्याने वर चढून पाहिलं. शेंडा विरळ झाला होता, सुतार पक्ष्यांनी अळ्यांसाठी सालीचे पापुद्रे काढले होते, त्यामुळे बुंध्यावर फिकट चट्टे दिसत होते. सालीवर भोकंही होती, भुंगेरा बाहेर पडतो ती. आणि त्या भोकांचा आकार काय असतो माहितीये? इंग्रजी डी. हिरव्या ॲशच्या व्रणासारखाच, फक्त तीन-एक मिलिमीटरचा. तो म्हणाला, "पानोळा एक तृतीयांशापेक्षा कमी गेलाय. अजून वाचेल. अर्धा गेला असता तर मी पैसे घेतले नसते."

जूनमध्ये इंजेक्शन दिलं. औषधाचं नाव इमामेक्टिन बेंझोएट. हे आप्पांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. "अगं, ते तर आपण मारतो की थ्रिप्सला!" तेच औषध. फक्त इथे फवारत नाहीत, बुंध्याला छिद्रं पाडून आत सोडतात आणि झाड ते पाण्याबरोबर वर ओढून घेतं. दोन-तीन वर्षं पुरतं. दर वेळी काही शे डॉलर जातात. परवडतं असं नाही, पण त्या वर्षीची एक सहल रद्द केली. नवऱ्याने विचारलं, "किती वर्षं करणार हे?" मी म्हटलं, माहीत नाही. करू तोवर करू.

आणि मागचं. पैसे वाचवायला मी खुंट ठेवला होता ना? त्या ऑगस्टमध्ये मागे गवत कापायला गेले तर खुंटाच्या कडेने धुमारे. नऊ-दहा. कोवळे, तांबूस-हिरवे, पानं समोरासमोर. मी पहिली पर्णिका उलटी केली. खालून पांढुरकी.

आप्पांना फोटो पाठवला. लगेच व्हॉइस मेसेज आला : "दोनच ठेव. जोमदार बघून. बाकीचे काढ, नाहीतर सगळेच बारीक राहतील." मी चार दिवस काढलेच नाहीत, हात होईना. मग काढले. दोन ठेवले.

ते दोन आता माझ्या डोक्याच्या वर गेलेत. हे वाचलेलं झाड आहे असं मी म्हणणार नाही. किडा फार बारीक काडीला जात नाही. खोड साधारण अडीच सेंटिमीटर जाड झालं की मग ते त्याच्या कामाचं. माझे धुमारे आत्ता त्या जाडीला आलेत. म्हणजे खरी परीक्षा आता सुरू होतेय. औषध द्यायचं का? अजून दिलेलं नाही. औषध दिलं तर झाड स्वतः काय करतं ते कळणारच नाही. न दिलं आणि मेलं, तर मी ते दुसऱ्यांदा घालवलं. शेजारचे आजोबा म्हणतात, थांबा. आप्पा म्हणतात, एकाला दे, एकाला नको. पण दोन्ही एकाच मुळावर, एकाला दिलेलं दुसऱ्याला पोचणार नाही कशावरून? तुम्हीच सांगा काय करू. कॉमेंटमध्ये लिहा, मी सगळ्या वाचते.

जाता जाता एक गृहपाठ. फोन खिशात ठेवून नाही, हातात घेऊन. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचं एक झाड निवडा. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, एवढंच बघा. फोटो काढा. पारिजातक मिळाला तर उत्तमच, त्याची पानं समोरासमोर दिसतील, आणि मिशिगनमधल्या माझ्या दोन झाडांचा तो नातेवाईक आहे हेही आठवेल. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की "ते झाड तसंही मरणारच आहे, तोडून टाकू", तर फक्त एक प्रश्न विचारा : कुठलं झाड आहे ते, आणि कुणी जवळ जाऊन बघितलंय? मी तो फेब्रुवारीत विचारला नव्हता.

आजोबांनी त्या लाकडाचा एक कटोरा करून दिलाय. त्यात मी किल्ल्या ठेवते. रोज घराबाहेर पडताना हात तिथे जातो.

चला, आज इथेच थांबते. हा भाग आवडला तर ज्याच्या दारात झाड आहे अशा एकाला पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.